वाशिंदसारख्या गावात कामाचा माणूस कसा शोधावा

वाशिंदला दुकान, वर्कशॉप किंवा छोटं हॉटेल टाकायचं ठरलं की गाळा आणि भांडवल यांची चर्चा घरात महिनोन्‌महिने चालते. वायरिंग कोण करणार, बोर्ड कोण बनवणार, जीएसटीचं कोण बघणार, वजनकाट्याला शिक्का कुठून मारून आणायचा, हे मात्र पूजेची तारीख ठरल्यावर आठवतं. मग मोबाइल हातात घेऊन शोधाशोध सुरू होते. पहिले तीन-चार नंबर कल्याणचे लागतात, पुढचा बंद असतो, आणि जो फोन उचलतो तो आधी अॅडव्हान्स मागतो. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात हाताशी माणसं नाहीत असं नाही. त्यांची नावं मोबाइलमध्ये नसतात, एवढंच. ती कुठे विचारायची, आणि माणूस मिळाल्यावर कागदावर काय काय करून घ्यायचं, ते इथे सांगतो.

वाशिंद कल्याण-कसारा मार्गावर खडावली आणि आसनगावच्या मधे, सीएसएमटीपासून रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर. तालुका शहापूर, मोठी बाजारपेठ कल्याण, जिल्ह्याची कचेरी ठाण्याला. गाडीत बसलं की कल्याण, ही सवय इथे सगळ्यांना लागलेली आहे, आणि तिच्यामुळे गावातल्याच कारागिराकडे लक्ष जात नाही.

कुठलं काम गावात द्यायचं आणि कुठलं कल्याणला, याचा हिशेब सरळ आहे. ज्या कामासाठी माणसाला पुन्हा यावं लागणार, तो माणूस गावातला किंवा फार तर शहापूर-आसनगावचा हवा. वायरमन, प्लंबर, डीपफ्रीजरचा मेकॅनिक, शटरवाला, कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्त करणारा, मोटरचं वायंडिंग करणारा, हे सगळे यात आले. एकदाच होऊन संपणारं काम, म्हणजे काउंटरचं फर्निचर, मशीनची खरेदी, बोर्डाचं डिझाइन, वर्षाचं ऑडिट, हे उल्हासनगर, भिवंडी, कल्याण, जिथे बरं मिळेल तिथून करून घ्या. कल्याणचा मेकॅनिक शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त पडतो हे खरं. पण मे महिन्याच्या दुपारी फ्रीजर बंद पडला तर तो दुसऱ्या दिवशी उगवतो, तोवर आतल्या दूध-आइस्क्रीमचं पाणी झालेलं असतं. कसारा लोकल एक चुकली की दुसरीची किती वाट बघावी लागते ते वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात तर गाडीच्या भरवशावर काही ठरवूच नये. २९ ऑगस्ट २०१७ ला मुसळधार पावसात वाशिंद-आसनगावच्या मधे नागपूर-मुंबई दुरांतो घसरली, तेव्हा या मार्गावरची वाहतूक कोलमडली. अशा वेळी पलीकडच्या आळीतला वायरमनच कामी येतो.

मुरबाडकरांना तर रेल्वेच नाही, सगळा भरवसा कल्याणच्या रस्त्यावर. पण मुरबाडला एमआयडीसी आहे, वाशिंदला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे. जिथे कारखाने असतात तिथे लेथवाले, वेल्डर, फॅब्रिकेशनवाले, क्रेन आणि ट्रेलरवाले आसपास उभे राहतातच. लोखंडी पोटमाळा, जिना, ग्रिल, पत्र्याची शेड यासाठी त्यांच्यापैकी कुणाला तरी आधी विचारा. कंत्राटावर कारखान्यात काम केलेल्या फिटरला मापात काम करायची सवय असते.

विचारायचं कुणाला

माणूस शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्याच्या कामाचं सामान विकणारं दुकान. सकाळी आठ-साडेआठला हार्डवेअरच्या काउंटरपाशी अर्धा तास उभे राहा. एक प्लंबर येतो, खिशातून घडी घातलेला कागद काढतो, त्यावर मापं लिहिलेली असतात. पाऊण इंची टी सहा, एल्बो दहा, एक युनियन, सोल्यूशनचा डबा, असं एका दमात सांगतो आणि सामान घेऊन जातो. दुसरा दोन एल्बो नेतो, तासाभराने परत येतो, दुपारी पुन्हा येतो. त्याच्या प्रत्येक खेपेची मजुरी घरमालक भरत असतो. दुकानदाराला हे सगळं दिसतं. उरलेलं सामान आणून मालकाच्या खात्यावर जमा कोण करतो, कोण आपल्या घरी ठेवून घेतो, बिलात चार गोष्टी जास्त लिहा असं कोण सांगतो, कुणाची उधारी दर महिन्याला मिटते, हे त्याच्या वहीत असतं.

पण त्याला नुसतं ‘चांगला प्लंबर सांगा’ म्हणू नका. सगळेच त्याचे गिऱ्हाईक. समोर जो उभा असेल त्याचं नाव तो सांगेल, आणि त्यात त्याची चूकही नाही. त्याला असं विचारा: ‘शेठ, तुमच्या घरचं नळकाम कुणी केलं?’ या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही.

हीच रीत दुसऱ्या कामांना लावा. पेंटर रंगाच्या दुकानात विचारावा, गवंडी सिमेंट-स्टीलच्या डेपोत. फ्रीजचा मेकॅनिक मेडिकलवाल्याला किंवा डेअरीवाल्याला विचारावा, कारण इन्सुलिन आणि दूध ठेवणाऱ्याला फ्रीज बंद ठेवून चालत नाही. मोटर वायंडिंगवाला भातगिरणीत विचारा. बिलबुकं, पावतीपुस्तकं छापायची असतील तर शाळेच्या कारकुनाला किंवा पतसंस्थेच्या माणसाला विचारा. नंबर न चुकता, कार्बन नीट लावून, वेळेवर कोण देतो हे त्यांना दर वर्षी बघावं लागतं. छोटा हत्ती किंवा टेम्पो भाड्याने हवा असेल तर मंडपवाल्याला गाठा. लग्नसराईत मध्यरात्री फोन केल्यावर येणारे टेम्पोवाले कोण, हे त्याला माहीत असतं.

शटरचं काम निघालं की बहुतेक लोक समोरच्या शटरवर स्टेन्सिलने मारलेला नंबर लावतात. तो नंबर लावायला हरकत नाही, पण त्याआधी त्या दुकानदाराला दोन शब्द विचारा. बसवून किती वर्षं झाली, स्प्रिंग कधी तुटली, तुटल्यावर हाच माणूस आला का? विजेच्या खांबावर चिकटवलेल्या बोअरवेल, वॉटरप्रूफिंग, झुरळ-ढेकूण निर्मूलनाच्या कागदांचं तसं नाही. तिथे मागे विचारायला कुणी नसतं. जुन्या दोन कामांचे पत्ते मागा, आणि ते वाशिंद, खातिवली, भातसई, असे जवळपासचेच मागा. जो पत्ते देत नाही त्याला काम देऊ नका.

दोन जागा लोकांच्या सहसा लक्षात येत नाहीत. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहे. तिथल्या निदेशकांना भेटलात तर वायरमन, फिटर, वेल्डरचा कोर्स करून बाहेर पडलेल्या मुलांची नावं मिळतात. मुलगा नवा असतो, हात थोडा सावकाश चालतो, पण आपल्या गावात नाव कमवायचं असतं म्हणून मन लावून काम करतो. दुसरी जागा पंचायत समितीतला ‘उमेद’चा कक्ष. महिला बचत गटांची माहिती तिथे असते. पिशव्या शिवणं, गणवेश, मसाले, पापड, पॅकिंग, पन्नास-शंभर माणसांचा स्वयंपाक, अशा कामांना कल्याणपर्यंत जायचं काही कारण नाही.

आणखी एक गोष्ट, हंगामाची. आपल्याकडचा गवंडी, सुतार, हेल्पर बहुतेक वेळा शेतकरीही असतो. जुलैत लावणी लागली की तो शेतात असतो. दिवाळीच्या मागेपुढे कापणी-झोडणी. मे महिन्यात सगळे पत्रेवाले आणि गळती काढणारे एकदम हवे असतात, आणि लग्नांमुळे इलेक्ट्रिशियन मंडपात अडकलेले असतात. गणपतीच्या आधी पेंटर मिळत नाही. दुकानाचं काम काढायचं तर पौष ते फाल्गुन हे महिने धरावेत. शिमग्याला माणूस आठवडाभर येणार नाही हे मनाशी पक्कं करून तारीख ठरवली की भांडणाचं निम्मं कारण संपतं.

ओळख असली तरी कागद

लहान गावात ओळखीने काम चटकन होतं आणि ओळखीनेच बिघडतं. ‘घरचाच माणूस आहे, त्याला कोटेशन काय मागायचं?’ असं म्हणून काम सुरू होतं. शेवटी हिशेब करायला बसल्यावर दोघांच्या डोक्यात दोन आकडे निघतात. मग तो माणूस बाजारात समोरून आला की तोंड फिरवायचं. शहरात असं झालं तर दुसरा माणूस मिळतो. वाशिंदला त्या कामाची दोन-तीनच माणसं असतात, त्यातला एक कायमचा तुटतो. म्हणून ओळख जितकी जवळची तितका कागद आधी करावा, असं माझं ठाम मत आहे.

हा कागद वकिली नको. वहीचं एक पान पुरतं. काय काम, सामान कुणाचं आणि कुठल्या कंपनीचं, मजुरी नगावर की रोजावर की ठोक, किती दिवसांत, पैसे किती टप्प्यांत, नंतर बिघडलं तर किती महिने फुकट दुरुस्त करणार. खाली दोघांच्या सह्या, आणि त्या पानाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. बयाणा देताना सामानाच्या किमतीएवढाच द्या, तोही शक्यतो दुकानदाराच्या बिलावर थेट. मजुरीचा शेवटचा भाग काम चालवून बघितल्यावर. नळकामात पाणी रात्रभर सोडून ठेवा आणि सकाळी सांधे हात लावून बघा.

वायरिंगच्या बाबतीत जरा जास्त काटेकोर राहा. नव्या वीजजोडणीसाठी महावितरणला परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पुष्कळदा काम एक जण करतो आणि रिपोर्टवर सही-शिक्का दुसऱ्याचा विकत आणतो. असं होऊ देऊ नका. ज्याचा परवाना आहे त्याला एकदा तरी जागेवर बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवूनच घ्या. आपल्याकडचा पाऊस आणि पत्र्याची शेड एकत्र आली की शॉक लागायला वेळ लागत नाही.

सरकारी कागद: फुकट काय, पैसे कशाचे

या भागात सगळ्यात जास्त पैसे उगाच जातात ते नोंदण्यांवर. ‘सगळी लायसन्स काढून देतो’ म्हणणारे बाजारात बरेच असतात. फॉर्म भरायची मेहनत घेणाऱ्याने त्याचे पैसे घेणं योग्यच आहे. पण सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे दोन आकडे वेगळे सांगायला लावा.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन हाताशी असलं की घरचा कॉलेजातला मुलगाही ती मोबाइलवरून करू शकतो. जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. आपल्या राज्यात फक्त मालाची विक्री असेल तर साधारणपणे वर्षाला ४० लाख आणि सेवा असेल तर २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नसते, तेव्हा पहिल्याच दिवशी कुणी भीती घातली म्हणून घाई करू नका. राज्याबाहेर विक्री किंवा ऑनलाइन कंपन्यांमार्फत विक्री असेल तर मात्र आधी नीट सल्ला घ्या. गुमास्ता म्हणजे शॉप अॅक्टचं तसंच. २०१७ च्या कायद्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना काढायचा नसतो, कामगार विभागाच्या पोर्टलवर सूचना द्यायची असते, आणि तिची पावती हाच तुमचा कागद. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. छोट्या व्यावसायिकाच्या मूलभूत नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. त्यासाठी कुणी हजारांत आकडा सांगितला तर वरचे पैसे कशाचे ते विचारा.

जागेचा पुरावा म्हणून बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, वीजबिल आणि भाड्याची जागा असेल तर करारनामा लागतो. नमुना ८ साठी ग्रामपंचायतीत जाण्याआधी गाळ्याची घरपट्टी भरली आहे का, हे मालकाला विचारून घ्या. थकबाकी असली की उतारा अडतो आणि दोष मात्र कागदपत्रं करणाऱ्याला दिला जातो.

भाड्याच्या गाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जवळपास सगळे एकच चूक करतात. स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करून नोटरी केला की काम झालं, असं मालकालाही वाटतं आणि भाडेकरूलाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर शिक्षा आहे, आणि पुढे वाद झाला तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात अनामत रकमेवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवतात. महिना ८,००० भाडं, ५० हजार अनामत आणि अकरा महिने असा करार असेल तर मुद्रांक दोन-अडीचशे रुपयांच्या घरात जातो. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये. शहापूर आणि मुरबाडला दुय्यम निबंधक कार्यालयं आहेत, पण या करारासाठी तिथे जावंच लागतं असं नाही. अधिकृत सेवा देणारा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन दुकानात येतो आणि ऑनलाइन नोंदणी करून देतो. त्याचे पैसे आधी ठरवा. आणखी एक, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यासाठी कुणी ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर नम्रपणे नकार द्या.

वजनकाटा वापरणाऱ्याला वैधमापन खात्याची पडताळणी चुकत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी, साध्या वजनांची दोन वर्षांनी. काटा दुरुस्त करणाराही परवानाधारक लागतो. काटा विकत घेतानाच दुकानदाराकडून ठरवून घ्या की पुढच्या वर्षीच्या शिक्क्याचं कोण बघणार. प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावा. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, आणि तपासणीला कुणी आलं तर शोधाशोध होत नाही.

हिशेबनीस आणि सीए

हिशेब बघणारा, करसल्लागार आणि सीए हे तीन वेगळे. रोजमेळ लिहिणं, जीएसटीची विवरणपत्रं भरणं हे करसल्लागार नीट करतो आणि वाशिंद-शहापूरला अशी माणसं मिळतात. ऑडिट किंवा कर्जासाठी लागणारं प्रमाणपत्र मात्र सीएचंच चालतं. १ फेब्रुवारी २०१९ पासून सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन लागतो. तो सीए संस्थेच्या यूडीआयएन संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. मधल्या माणसाने ‘सीएचा शिक्का मारून आणतो’ असं म्हटलं की हा नंबर मागा. बँकेत तो खोटा निघाला तर कर्ज जातंच, शिवाय तुमचं नाव खराब होतं.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जीएसटी, उद्यम, अन्न परवाना, महावितरण, गुगलवरचं दुकानाचं पान, यातल्या प्रत्येक ठिकाणी मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. सोय म्हणून अनेक कारकून, एजंट स्वतःचा नंबर टाकतात. दर महिन्याला ओटीपी मागायला फोन करावा लागू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. पण दोन वर्षांनी माणूस बदलायची वेळ आली, तो गाव सोडून गेला किंवा त्याच्याशी खटकलं, की तुमच्या धंद्याच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या खिशात राहतात. तुमचं विवरणपत्र भरलं की नाही हेसुद्धा तुम्हाला कळत नाही. दुकानासाठी एक वेगळं सिमकार्ड आणि एक ईमेल पहिल्या दिवशी काढा. पासवर्ड एका वहीत लिहा आणि ती वही घरी ठेवा. डिजिटल सिग्नेचर काढली असेल तर तिचा पेनड्राइव्ह स्वतःकडे ठेवा. महिन्यातून एकदा स्वतः लॉगिन करून बघा. समजलं नाही तर विचारा. चांगला हिशेबनीस रागावत नाही, समजावून सांगतो.

दुसऱ्याकडून बिल घेतानाही डोळे उघडे ठेवा. जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसतं. बोर्डावर एक नाव आणि पोर्टलवर दुसरंच आलं, तर पैसे देण्याआधी विचारा. कंपोझिशन योजनेतला व्यापारी बिलावर वेगळा जीएसटी लावू शकत नाही. लावला असेल तर ते पैसे भरू नका.

कर्ज मिळवून देतो म्हणणाऱ्यांचं काय? मुद्रा योजनेत सरकारने कुणालाही दलाल नेमलेलं नाही. मर्यादा आता २० लाखांपर्यंत आहे, अर्ज थेट बँकेत किंवा ऑनलाइन करता येतो. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी अशा १८ पारंपरिक कामांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज आहे. नोंदणी गावातल्या सीएससी केंद्रात होते. मंजुरीच्या आधी ‘फाइल चार्ज’ मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

फोन, पैसे, तक्रार

फ्रीज, काटा, प्रिंटर बिघडला की कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत. ते लिंक पाठवतात, अॅप घ्यायला लावतात आणि खातं रिकामं करतात. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा बिलावरचा घ्या. क्यूआर स्कॅन केल्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचा आणि मगच पैसे पाठवा. फसवणूक झालीच तर क्षणभर न थांबता १९३० ला फोन करा. पैसे अडवण्यासाठी पहिला तास फार मोलाचा असतो. मग वाशिंद पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

तुम्ही स्वतः सेवा देणारे असाल, कारखान्याला किंवा मोठ्या ठेकेदाराला माल, मजूर, गाड्या पुरवत असाल, तर उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा आणि बिलावर तिचा नंबर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. आधी एक पत्र स्पीड पोस्टने पाठवा. पुष्कळदा तेवढ्यानेच गाडं पुढे सरकतं.

स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं मशीन खराब निघालं आणि विकणारा दाद देत नाही, अशा वेळी तुम्हीही कायद्याने ग्राहक आहात. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यातून वगळलेली नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. या सगळ्याला बिल लागतं. पक्कं बिल नको, दोनशे कमी करा, असं आपणच म्हणतो तेव्हा हा हक्कही सोडून देतो.

गावातल्या कारागिराचे पैसे मात्र आपण कधीच लटकवू नयेत. प्लंबरला ‘शनिवारी ये’ म्हणायचं आणि शनिवारी दुकान बंद ठेवायचं, हे इथे सर्रास होतं. मग तो कल्याणच्या बिल्डरकडे कायमचा जातो आणि आपण म्हणतो गावात माणूस मिळत नाही.

काउंटरखाली एक वही ठेवा. काम, माणसाचं नाव, नंबर, कुणी सुचवलं, किती पैसे घेतले, कुठल्या महिन्यात आला, पुन्हा बोलवावं की नाही. वर्षभरात पंधरा-वीस नावं होतात. बाजारातल्या दहा-बारा दुकानदारांनी आपापल्या वह्या एकदा एकत्र बसून जुळवल्या तर वाशिंदची स्वतःची यादी तयार होईल, आणि नव्याने दुकान टाकणाऱ्या पोराला ती देता येईल. यादीत नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारा, त्याच्या परवानगीशिवाय नंबर कुठेही टाकू नका. दर दिवाळीत एकदा सगळे नंबर लावून बघा, आणि जे लागत नाहीत ते खोडा.